खोगीर आणि खोगीरभरती

'खोगीरभरती' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातलं खोगीर आता कुणाला दिसतही नाही. व्यासपीठावरचे जास्तीचे पाहुणे म्हणजे खोगीरभरती, दिवाळी अंकातली शेवटची चाळीस पानं म्हणजे खोगीरभरती. मूळ अर्थ मात्र अगदी कारागिरीतला आहे. खोगिराच्या गादीत भरायला उंची माल कशाला हवा? चिंध्या, जुना कापूस, काथ्या, हाताला लागेल ते कोंबायचं. म्हणून निरुपयोगी भर म्हणजे खोगीरभरती.

हा शब्द आठवायचं कारण म्हणजे सायकलची सीट. हसू नका. सायकलच्या सीटला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात घोडे आहेत, उंट आहेत, डॉक्टर आहेत, पोलीस आहेत, आणि आपले नाशिक-नागपूरचे लोकही आहेत. हा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: माणसाचा भार नक्की कुठे पडायला हवा? आणि दर वेळी या प्रश्नाला बाजारातून एकच उत्तर येतं: अजून थोडी भरती घाला!

मी राहतो ते अल् खुवैर म्हणजे मस्कतच्या मधोमध, मंत्रालयांच्या इमारतींना लागून असलेली वस्ती. समुद्र जवळ, मागे बोडके तपकिरी डोंगर. उन्हाळ्यात इथे बऱ्याच रात्री पारा तिशीच्या खाली उतरत नाही. त्यामुळे सायकलवाले शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, पहाटेच्या अजानच्या आधीच रस्त्यावर असतात. २०१० पासून 'टूर ऑफ ओमान' ही मोठी सायकल शर्यत होऊ लागली, आणि पुढे अर्धी आयर्नमॅनही इथे झाली. अर्धी आयर्नमॅन म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, सगळं एका दमात. पुरी आयर्नमॅन याच्या दुप्पट, म्हणजे सायकल १८० किलोमीटर. या मंडळींच्या गप्पा ऐकल्या तर वाटतं, हे पायांबद्दल, छातीच्या दमाबद्दल बोलत असतील. तसं काही नाही. खालच्या आवाजात चालणारा विषय बुडाचा असतो. सहा तास सीटवर बसायचं कसं?

आता हा प्रश्न ओमानला नवा नाही. इथे तो सायकलच्या कितीतरी आधी उंटावर विचारला गेला आहे.

उंटावर बसायची मोठी पंचाईत म्हणजे त्याचं मदार. नेमकी मधोमध चरबीची ढेप. तिच्यावर बसलात तर तुम्ही घसरता आणि उंटाला इजा होते. दक्षिण अरबस्तानातल्या आणि ओमानमधल्या लोकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे मदाराच्या मागे बसायचं. खांद्यापाशी एक लहानसा लाकडी चिमटा, त्याला अडकवलेली गादी, आणि स्वार उंटाच्या मागच्या भागावर. १९४० च्या दशकात विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाने रुब अल् खालीचं वाळवंट दोनदा ओलांडलं, तेव्हा त्याच्याबरोबरचे बदू असेच बसत. ते बरेचदा गुडघे दुमडून, स्वतःच्या तळपायांवर बसून उंट हाकत, हेही त्याने नोंदवलं आहे. ही बैठक जमायला तोल लागतो आणि लहानपणापासूनची सवय लागते.

उत्तर अरबस्तानात वेगळा उपाय निघाला. मदाराच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन लाकडी कमानी, त्या जोडणारा सांगाडा, आणि वर बैठक. या रचनेत मदारावर भार अजिबात पडत नाही. तो दोन्ही बाजूंना वाटला जाऊन बरगड्यांवर उतरतो. मधला नाजूक भाग मोकळा राहतो. रिचर्ड बुलिएट या इतिहासकाराने १९७५ मध्ये 'द कॅमल अँड द व्हील' नावाचं एक अफलातून पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते हे खोगीर इसवी सनापूर्वी ५०० ते १०० च्या दरम्यान केव्हातरी आलं. त्यावर बसून लढता येऊ लागलं, उंटवाल्या टोळ्यांच्या हाती व्यापाराचे रस्ते आले, आणि मालवाहू उंट इतका किफायतशीर ठरला की मध्यपूर्वेत शतकानुशतकं चाकाची गाडी जवळजवळ दिसेनाशी झाली. खोगिराने चाक हटवलं! इंजिनियर माणसाला याहून आवडेल अशी गोष्ट कुठली?

तर लक्षात ठेवायचं ते एवढंच: भार दोन बाजूंच्या हाडांवर, मधला मऊ भाग मोकळा. घोड्याच्या चांगल्या जिनाचंही तत्त्व हेच. ते घोड्याच्या कण्यावर टेकत नाही, कण्याच्या दोन्ही अंगांना टेकतं. नाहीतर घोड्याची पाठ सोलवटते आणि स्वारी तिथेच संपते. मराठी फौजेतल्या शिलेदाराला हे कुणी शिकवायला नको होतं, कारण घोडा त्याचा स्वतःचा असे.

इथे एक बारीक गंमत आहे. ही सगळी काळजी जनावराच्या पाठीची होती. बसणाऱ्याच्या बुडाची नव्हे. घोडेस्वाराला रिकिबी असतात, तो पायांवर उठतो, मांड्यांनी धरतो, भार वाटून घेतो. सायकल आली तेव्हा परिस्थिती बरोब्बर उलटी झाली. सायकलीला पाठच नाही, तिला काही दुखत नाही. दुखणार ते फक्त बसणाऱ्याला. म्हणजे मधला मऊ भाग मोकळा ठेवायची गरज आता वरच्या बाजूला आली. पण सायकलच्या सीटा बनवायला बसले कोण? घोड्याचे जीन बनवणारे!

त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे जॉन बोल्टबी ब्रुक्स. १८६६ मध्ये त्याने बर्मिंगहॅमला घोड्याच्या सामानाचा आणि चामड्याचा धंदा सुरू केला. कंपनी सांगते ती गोष्ट अशी की १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, दुसरा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने सायकल उसनी आणली. तिची सीट इतकी भयंकर होती की त्याने स्वतःच चांगली बनवायचं ठरवलं. १८८२ मध्ये त्याने पेटंट घेतलं. घोड्याचा भाग खरा असो वा रचलेला, पेटंट खरं आहे आणि सीटही खरी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेली ब्रुक्सची 'बी १७' ही सीट आजही विकत मिळते.

आणि या सीटमध्ये भरती अजिबात नाही! लोखंडी चौकटीवर पुढून मागे ताणून बसवलेलं जाड चामडं, बस्स. आपल्या बाजेसारखं. पहिले काही शे किलोमीटर ती दगडासारखी लागते. मग हळूहळू जिथे आपली बसायची दोन हाडं टेकतात तिथे चामडं दबतं, दोन खळगे पडतात, आणि ती सीट त्या एका माणसाची होते. दुसऱ्याची सीट म्हणजे दुसऱ्याची चप्पल. आपल्या जुन्या भाड्याच्या सायकलीला हे सुख माहीत नव्हतं. तासावर घेतलेली सायकल म्हणजे बारगिराचा घोडा: मिळेल त्यावर बसायचं.

१८८५ मध्ये स्टार्लीची 'रोव्हर' ही दोन सारख्या चाकांची सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं, आणि १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचं वेड पसरलं. त्याच्या मागोमाग डॉक्टर आले. सीटच्या पुढच्या चोचीमुळे दोन पायांमधल्या मऊ भागावर दाब येतो, तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या चेपतात, अशी चर्चा तेव्हाच्या वैद्यकीय नियतकालिकांतून सुरू झाली. बाजारात 'आरोग्यदायी' सीटांची रांग लागली. अमेरिकेतल्या 'क्रिस्टी' नावाच्या सीटवर दोन हाडांखाली दोन वेगवेगळ्या गाद्या होत्या आणि मध्ये सरळ मोकळी जागा! म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी माणसाच्या बैठकीसाठी तेच उत्तर सापडलं होतं, जे वाळवंटात उंटाच्या पाठीसाठी दोन हजार वर्षं आधी सापडलं होतं.

मग ते हरवलं कसं? एक कारण म्हणजे मोटार. वेड ओसरलं, युरोपात सायकलच्या पुढच्या रचना शर्यतवाल्यांच्या मापाने ठरू लागल्या, आणि शर्यतवाल्यांना हवी लांब, अरुंद सीट. दुसरं कारण जास्त खेदाचं आहे. या विषयावर मोकळेपणाने बोलणं अवघड होतं. बायकांच्या बाबतीत तर डॉक्टरांना त्यांच्या दुखण्यापेक्षा त्यांच्या नीतीची चिंता जास्त होती. सीटचा दाब 'अनिष्ट' भावना जागवील, असल्या चर्चा तेव्हा गंभीर चेहऱ्याने होत. बायकांच्या अंगरचनेचा विचार करून, मध्ये कापलेली सीट नव्याने बाजारात रुळवण्यात मोठा वाटा जॉर्जिना टेरी या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियर बाईंचा आहे, आणि तोवर १९९० चं दशक उजाडलं होतं. शंभर वर्षं गेली मध्ये.

आपल्याकडे या काळात काय होतं? आपल्याकडची काळी सायकल इंग्लिश रोडस्टरच्या घराण्यातली. हँडल उंच, पाठ ताठ, सीट रुंद आणि खाली दोन जाड स्प्रिंगा. या बैठकीत भार खरोखर मागच्या दोन हाडांवरच पडतो, त्यामुळे तक्रार कमी. दूधवाले, पोस्टमन, गिरणी कामगार आयुष्यभर या सीटवर बसले. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण-इराकची वाळवंटं ओलांडत सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १९२८ मध्ये परत आले. साधी माणसं, साधी सायकल, जवळजवळ साडेचार वर्षं! त्यांना कुणी जेलची गादी विकली नव्हती.

मग अडचण सुरू कुठे झाली? बैठक बदलली तिथे.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतल्या चिनेल्ली कंपनीने प्लास्टिकच्या सांगाड्याची सीट आणली. हलकी, पावसात न भिजणारी, पण आपल्या हाडांप्रमाणे न दबणारी. आता सीट माणसाची होईना, माणसाने सीटचं व्हायचं. मग प्लास्टिकवर फोम आला, फोमवर जेल आलं. खोगीरभरती!

दरम्यान १९७८ मध्ये हवाईत जॉन कॉलिन्स या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून पहिली आयर्नमॅन झाली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. १९८७ मध्ये बून लेनन या स्कीइंगच्या प्रशिक्षकाने सायकलच्या हँडलला पुढे दोन दांडे जोडले. उतारावर घसरणारा स्कीपटू जसा कोपरं जवळ घेऊन वाकतो, तसं सायकलवर वाकायचं आणि वारा कापायचा. त्याची ताकद जगाला कळली १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये. असे दांडे लावलेल्या ग्रेग लेमाँडने शेवटच्या दिवशी साडेचोवीस किलोमीटरमध्ये लोराँ फिन्यॉंची आघाडी खाऊन टाकली आणि अख्खी शर्यत फक्त ८ सेकंदांनी जिंकली. त्यानंतर ट्रायथलॉनवाला या दांड्यांशिवाय दिसेना.

आता हे जरा खुर्चीवर बसूनच करून बघा. ताठ बसा, तळहात बुडाखाली घाला. दोन टणक हाडं लागतील. आता कोपरं टेबलावर टेकवून पुढे झुका. ती हाडं हाताखालून सुटतात, माकडहाड वर उचललं जातं आणि भार पुढे सरकतो. जांघेच्या बाजूने पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या हाडांवर, आणि त्यांच्या मधल्या मऊ भागावर. नेमक्या त्याच भागातून तिथली संवेदना नेणारी नस आणि रक्तवाहिन्या जातात. सायकलवर तिथे सीटची चोच असते. तासाभरात मुंग्या येतात, मग बधिरपणा. दुखणं परवडलं, कारण दुखलं की माणूस हलतो. बधिर झालं की त्याला वाटतं, आता सवय झाली.

इथे मऊ गादी उलट घात करते. हाडं गादीत बुडतात, आणि बुडालेल्या हाडांच्या मधली गादी वर येऊन जिथे दाब नको तिथेच दाबते. दुकानात अंगठ्याने दाबून सीट निवडणारा माणूस हेच मऊपण विकत घेतो. दहा मिनिटं ती सोफ्यासारखी लागते. तिसऱ्या तासाला तिचा खरा स्वभाव कळतो.

१९९७ मध्ये डॉ. अर्विन गोल्डस्टीन या बॉस्टनच्या तज्ज्ञांनी सायकलच्या सीटचा आणि पुरुषांच्या लैंगिक क्षमतेचा संबंध जाहीरपणे मांडला. ते अमेरिकेतल्या सायकलच्या मासिकात छापून आलं आणि एकच गदारोळ झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांचं म्हणणं नव्या कपड्यांत परत आलं होतं. कंपन्या धावल्या, आणि मध्ये खाच असलेल्या सीटा सगळीकडे दिसू लागल्या.

पण मला सगळ्यात पटलेला प्रयोग पोलिसांवरचा आहे. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणारे पोलीस असतात. नोकरीच ती, त्यामुळे रोज तासन् तास सीटवर. तिथल्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेने अशा ९० पोलिसांना सहा महिने चोच नसलेली सीट दिली. निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मऊ भागावरचा दाब ६६ टक्क्यांनी उतरला. सायकल चालवताना बधिरपणा येत नाही असं सांगणारे आधी २७ टक्के होते, ते ८२ टक्के झाले. आणि सहा महिन्यांनी ९० पैकी फक्त तिघेजण जुन्या सीटवर परत गेले होते. दुखण्याची जी गोष्ट 'चालायचंच' म्हणून सोडली होती, ती एका सीटने सुटली.

घाबरवणं हा हेतू नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०१८ मध्ये 'जर्नल ऑफ युरॉलॉजी'त एक मोठी पाहणी आली. सायकलवाल्या पुरुषांची तुलना पोहणाऱ्यांशी आणि धावणाऱ्यांशी केली, तर लैंगिक आरोग्यात सायकलवाले मागे नव्हते. बधिरपणाची तक्रार मात्र होती, आणि अधूनमधून सीटवरून उठून चालवणाऱ्यांमध्ये ती कमी होती. म्हणजे सायकल सोडायची गरज नाही. बधिरपणाकडे काणाडोळा करायचा नाही, एवढंच.

आपल्याकडे आता हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा राहिलेला नाही. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत मुदतीत पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत संपवली. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला अर्धी आयर्नमॅन झाली. पुणे, कोल्हापूर, नाशिक इथून शेकड्यांनी लोक आता दोनशे-तीनशे किलोमीटरच्या सायकलवाऱ्या करतात. त्यातले कित्येक पन्नाशीतले, पहिल्यांदाच सायकल घेतलेले. आणि आपली शिकवण तशी जुनीच: सहन करा, बोलू नका. बायकांनी तर अजिबातच बोलू नका.

तेव्हा या इतिहासातून हाती लागतं ते सांगतो. सीट निवडताना आधी स्वतःची बैठक ओळखा. ताठ बसणार असाल तर रुंद सीट, पुढे झुकणार असाल तर जरा अरुंद आणि मध्ये मोकळी, आणि दांड्यांवर कोपरं टेकून तासन् तास जाणार असाल तर आखूड किंवा दुभंगलेल्या चोचीची. रस्त्यावरच्या शर्यतींच्या जागतिक संघटनेचा नियम सीट किमान २४ सेंटिमीटर लांब मागतो. तुम्ही त्या शर्यतीत उतरणार नसाल तर तुमच्यावर ते बंधन नाही. मग हाडांमधलं अंतर मोजा. त्याला यंत्र लागत नाही. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर बसा, पाय जरा उचला. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजून त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद सीटपासून सुरुवात करा. बायकांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असतं, म्हणून नवऱ्याची जुनी सीट बायकोला देणं ही काटकसर नव्हे. सीट साधारण सपाट बसवा, उंची नीट ठेवा, कारण फार उंच सीटवर माणूस डावी-उजवीकडे घासत राहतो. इथल्यासारखा घाम येत असेल तर ते घासणं लवकर जखमेवर जातं. दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून थोडं उभ्याने चालवा. आणि एवढं करूनही बधिरपणा दिवसभर टिकला, तर न लाजता डॉक्टरकडे जा.

अलीकडे त्रिमिती छपाईने बनवलेल्या जाळीदार सीटा निघाल्या आहेत. कुठे किती मऊ, कुठे किती टणक, हे एकाच तुकड्यात ठरवता येतं. काम सुरेख आहे, किंमत ऐकून उठून उभं राहावं अशी आहे. पण ती जाळी करते काय? हाडांखाली आधार, मध्ये मोकळीक. ब्रुक्सचं चामडं जे काही शे किलोमीटरमध्ये करत असे, ते आता कारखान्यातच करून देतात. ते नाही परवडलं तर पुठ्ठा आहेच, आणि तो किराणा दुकानात फुकट मिळतो.